हाय रुईला पदावरून का काढले?

सार्वजनिक जीवनातील अनाचाराची चर्चा निघाली की पुरोगामी वर्तुळातही एक उपाय हटकून पुढे येतो. ज्याचे वर्तन शुद्ध नाही अशा अधिकाऱ्याला पदावरून दूर करावे, म्हणजे कारभार सुधारेल, असे सांगितले जाते. या मागणीत गैर काही नाही. लाच खाणाऱ्याला खुर्चीवर राहू द्यावे असे कोणताही शहाणा माणूस म्हणणार नाही. परंतु वर्तन शुद्ध की अशुद्ध हे ठरवावयाचे कोणी, कोणत्या मापाने, आणि एकास काढल्यावर लाभ कोणाचा झाला, हे प्रश्न त्या मागणीच्या उत्साहात मागे पडतात. त्यांची उत्तरे शोधावयाची झाल्यास चीनच्या मिंग साम्राज्याचा (१३६८ ते १६४४) इतिहास विशेष उपयोगी पडतो. अधिकाऱ्यांच्या नैतिक दोषांवर नजर ठेवण्याची आणि त्यासाठी त्यांना घरी पाठविण्याची इतकी तपशीलवार व्यवस्था जगात फार थोड्या राजवटींनी उभी केली असेल.

या व्यवस्थेचा पाया कन्फ्यूशियसच्या परंपरेत होता. सम्राट हा स्वर्गाचा पुत्र आणि जिल्ह्याचा अधिकारी हा प्रजेचा मायबाप, अशी कल्पना होती. अधिकारी निवडला जाई तो प्राचीन ग्रंथांवरील परीक्षांतून. हिशेब, पाटबंधारे, कायदा यांचे शिक्षण त्याला मिळत नसे. सद्गुण हीच नोकरीची पात्रता मानली, की दुर्गुण हीच अपात्रता ठरते, हे ओघानेच आले. त्यासाठी राजधानीत एक स्वतंत्र निरीक्षण खाते होते. त्यात तेरा प्रांतविभागांसाठी ११० निरीक्षक असत. पदश्रेणीने हे निरीक्षक सातव्या दर्जाचे, म्हणजे एखाद्या जिल्हाधिकाऱ्याच्या बरोबरीचे. तरीही मुख्य प्रधानावर दोषारोप ठेवण्याचा अधिकार त्यांना होता आणि नुसत्या ऐकीव माहितीवरही ते तो ठेवू शकत. याखेरीज राजधानीतील अधिकाऱ्यांची दर सहा वर्षांनी आणि प्रांतांतील अधिकाऱ्यांची दर तीन वर्षांनी सार्वत्रिक तपासणी होई. त्या तपासणीत ज्याच्यावर शिक्का बसला, त्याला पुन्हा नोकरीची आशा जवळजवळ नसे.

शिक्के आठ प्रकारचे होते: लोभ, क्रौर्य, ढिलाई, अनुचित वर्तन, वार्धक्य, आजार, उथळपणा आणि अकार्यक्षमता. यातील वार्धक्य आणि आजार सोडले तर बाकीच्यांना मोजपट्टी नाही. ‘अनुचित वर्तन’ आणि ‘उथळपणा’ हे तर असे अंगरखे आहेत, की ते कोणाच्याही अंगाला बेतून घालता येतात. शिवाय या साऱ्या प्रक्रियेत एका घटकाला कोठेच जागा नाही. ज्याच्याकडून सारा वसूल होतो, ज्याला वेठीला धरले जाते आणि चावडीवर ज्याच्या पाठीवर बांबू बसतात, त्या रयतेला आपल्या अधिकाऱ्याच्या वर्तनाविषयी कोणी विचारीत नव्हते.

आता या व्यवस्थेच्या आर्थिक बाजूकडे वळले पाहिजे, कारण नीतीच्या चर्चेत ती नेहमी झाकली जाते. मिंग राजवटीच्या आरंभी ठरलेल्या वेतनश्रेणीनुसार जिल्हाधिकाऱ्याला वर्षाला ९० ‘श’ धान्य मिळे. ‘श’ हे तेथील धान्याचे माप. त्यातील काही भाग पुढे कागदी चलनात देण्यात येऊ लागला आणि ते चलन तर लवकरच मातीमोल झाले. एवढ्या वेतनात त्याने आपले कुटुंब पोसावयाचे, खासगी मदतनीस ठेवावयाचे, जाणाऱ्या-येणाऱ्या वरिष्ठांची सरबराई करावयाची, आणि तपासणीच्या वर्षी राजधानीला जाऊन तेथील बड्यांना भेटी द्यावयाच्या. हे अशक्य होते आणि अशक्य आहे हे सर्वांना ठाऊक होते. म्हणून ‘रिवाजी नजराणे’ या नावाखाली साऱ्यावर वरकड वसुली होत असे. चांदी वितळविताना होणाऱ्या घटीच्या नावाने, धान्याच्या मापातील तुटीच्या नावाने, सणावाराच्या नावाने ती चाले. कायद्याने ती गुन्हा होती, व्यवहाराने ती पगार होती.

याचा राजकीय अर्थ लक्षात घेण्यासारखा आहे. ज्या राज्यात वेतनाची रचनाच अशी, की नियम मोडल्यावाचून कोणाला जगताच येऊ नये, त्या राज्यात प्रत्येक अधिकारी हा आधीपासूनचा गुन्हेगार असतो. त्याचा अपराध दप्तरात नोंदून ठेवण्याचीही गरज नसते, तो गृहीतच असतो. मग दोषी कोण हा प्रश्न उरत नाही. यंदा कोणाला दोषी ठरवावयाचे एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर त्या त्या वेळच्या सत्तास्पर्धेतून येते.

मिंग घराण्याचा संस्थापक होंगवू हा गरीब शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेला, दुष्काळात आई-बाप गमावलेला माणूस. अधिकाऱ्यांच्या लुटीविषयी त्याच्या मनात खरा संताप होता. महसूल खात्याचा उपमंत्री क्वो ह्वान याच्या १३८५ मधील धान्य-अपहाराच्या प्रकरणात त्याने हजारोंना मृत्युदंड दिला. तरीही सकाळी मारावेत तर संध्याकाळी तितकेच नवे लाचखाऊ उभे राहतात, अशा अर्थाची तक्रार तो अखेरपर्यंत करीत राहिला. वेतनाकडे पाहण्याचे त्याला सुचले नाही. मात्र त्याने एक विलक्षण गोष्ट केली. आपल्या जाहीर फर्मानात त्याने खेडुतांना अशी मुभा दिली, की छळ करणाऱ्या सरकारी कारकुनाला त्यांनी स्वतः बांधून राजधानीत आणावे. छांगशू जिल्ह्यातील चेन शोउलिउ नावाच्या एका शेतकऱ्याने भाऊ आणि पुतण्या यांना बरोबर घेऊन खरोखरच एका कारकुनाला मुसक्या बांधून नानकिंगला नेले. सम्राटाने त्याला कागदी चलन आणि कपडे बक्षीस दिले आणि तीन वर्षे वेठीतून मोकळे केले.

चीनच्या सरंजामी इतिहासात खालच्या माणसाने वरच्याला पदावरून ओढल्याचा आणि त्याबद्दल शाबासकी मिळविल्याचा हा दुर्मिळ प्रसंग आहे. पण तो हक्क नव्हता, एका सम्राटाची मर्जी होती. त्यातही हात कारकुनापर्यंतच पोहोचत होता. होंगवू मेला आणि ही मुभाही मागे पडली. निरीक्षक, तपासण्या आणि आठ शिक्के तेवढे उरले.

या पार्श्वभूमीवर हाय रुईची कथा वाचली पाहिजे. १५१४ मध्ये दक्षिणेकडील हायनान बेटावर जन्मलेला हा माणूस प्रांतिक परीक्षा उत्तीर्ण झाला, परंतु राजधानीतील सर्वोच्च परीक्षा त्याला कधीच साधली नाही. त्यामुळे तो नोकरशाहीच्या खालच्या पायरीवर शिक्षक म्हणून शिरला. १५५८ मध्ये तो चेच्यांग प्रांतातील छुन-आन जिल्ह्याचा अधिकारी झाला. तेथे त्याने रिवाजी नजराण्यांची बाब-बाब लावून यादी केली आणि ते बंद केले. आईच्या वाढदिवशी त्याने थोडे मांस विकत घेतले, याची वरिष्ठांत बातमी झाली, यावरून त्याच्या राहणीची कल्पना यावी. पुढे राजधानीत आल्यावर त्याने च्याचिंग सम्राटालाच पत्र लिहिले आणि आपण अमरत्वाच्या नादी लागून राज्य बुडवीत आहात, असे त्यात सुनावले. आधी स्वतःसाठी शवपेटी विकत घेऊन मगच त्याने ते पत्र दरबारात दिले, असे सांगतात. सम्राटाने त्याला तुरुंगात टाकले, पण मारले नाही. १५६७ च्या आरंभी सम्राट वारला आणि हाय रुई सुटला.

येथपर्यंतची कथा लोकनाट्याच्या नायकाला शोभणारी आहे आणि लोकांनी तेवढीच लक्षात ठेवली. खरी कसोटी पुढे आहे. १५६९ मध्ये तो सूचौ येथे ठाणे असलेल्या, साम्राज्यातील सर्वांत संपन्न प्रदेशाचा प्रांतपाल झाला. कापूस, रेशीम आणि भात यांचा हा मुलूख. साम्राज्याच्या साऱ्याचा अवजड वाटा येथून जाई. पण त्या साऱ्याचे ओझे मूठभर श्रीमंतांवर नव्हते. परीक्षा उत्तीर्ण झालेल्या कुलीन घराण्यांना वेठीतून सूट असे. वेठ चुकविण्यासाठी लहान शेतकरी आपली जमीन अशा घराण्याच्या नावावर लावीत. हा बेनामी व्यवहार काही वर्षांतच खऱ्या मालकीत बदलत असे आणि शेतकरी आपल्याच शेतावर कूळ होऊन बसे. सावकारी गहाणखतांनी उरलेले काम केले. या मार्गाने त्या भागातील सर्वांत मोठे जमीनदार कोण झाले होते? माजी प्रधान श्यू च्ये यांचे घराणे. हेच ते श्यू च्ये, ज्यांच्या मध्यस्थीमुळे तुरुंगात हाय रुईचे प्राण वाचले होते.

हाय रुईने जमिनी परत करण्याचे हुकूम काढले. तक्रारी घेऊन येणाऱ्यांची त्याच्या कचेरीपुढे झुंबड उडाली. श्यू च्येंनी काही जमीन सोडण्याची तयारी दाखविली. तेवढ्याने भागणार नाही, निदान निम्मी तरी सोडा, असे त्याने आपल्या उपकारकर्त्याला कळविले. त्याच काळात त्याने ऊसुंग नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेतले आणि उपासमार झालेल्यांना त्यावर मजुरी दिली. काम थोड्या महिन्यांत पुरे झाले. दुष्काळी कामांच्या इतिहासात या उदाहरणाची नोंद व्हावयास हवी, ती सहसा होत नाही.

आणि मग निरीक्षण यंत्रणा हलली. १५७० च्या आरंभी ताय फंगश्यांग नावाच्या दरबारी अधिकाऱ्याने त्याच्यावर दोषारोप ठेवला. आरोप कोणते? तो दुष्टांना आश्रय देतो, सभ्य घराण्यांचा छळ करतो, स्वतःच्या कीर्तीसाठी कारभारात गोंधळ माजवितो. या आरोपांत ‘जमीन’ हा शब्द मुख्य नाही. दुष्ट म्हणजे तक्रार घेऊन आलेली कुळे आणि सभ्य म्हणजे त्यांच्या जमिनी गिळलेले जमीनदार, एवढे भाषांतर केले की आरोपपत्राचा अर्थ उघड होतो. हाय रुईवर लाचेचा आरोप करणे शक्य नव्हते, म्हणून कीर्तीचा लोभ हा दोष शोधून काढण्यात आला. नैतिक दोषांची यादी पुरेशी लांब आणि पुरेशी सैल असली म्हणजे संन्याशालाही तीत कोठेतरी बसविता येते. त्याच्या घरगुती जीवनावरही विरोधकांनी बोट ठेवले: बायकांना दिलेले काडीमोड, घरात झालेले मृत्यू. ही बोटे सर्वस्वी निराधार होती असे म्हणता येणार नाही. त्याच्या घरातील स्त्रियांच्या वाट्याला त्याच्या कर्मठपणाचे चटके आले असावेत, असे मानण्यास जागा आहे आणि त्याच्या चाहत्यांनी ते झाकण्याचे कारण नाही. पण ती बोटे त्या स्त्रियांसाठी उचललेली नव्हती. जमिनीचे हुकूम निघेपर्यंत दरबारात त्यांची आठवण कोणाला झाली नव्हती.

वर्ष पुरे होण्याआधीच त्याला प्रांतपालपदावरून हलविण्यात आले. एक नाममात्र जागा देऊन, मग तीही काढून घेऊन, त्याला हायनानला परत पाठविले. पंधरा वर्षे तो तेथे बसून होता.

या पंधरा वर्षांतील बहुतेक काळ साम्राज्याची सूत्रे चांग च्यूचेंग या प्रधानाकडे होती. मिंग काळातील हा सर्वांत कर्तबगार प्रशासक. हाय रुईला त्याने परत बोलाविले नाही. अशा माणसाचा कारभारात उपयोग नाही, असे त्याचे मत होते. नीतीच्या गप्पांना कंटाळलेल्या या माणसाने १५७३ पासून वेगळेच माप लावले. प्रत्येक कामाला मुदत, प्रत्येक मुदतीची नोंदवही, आणि नोंदवहीप्रमाणे जाब. साम्राज्यभर जमिनीची मोजणी सुरू झाली. निरनिराळे कर आणि वेठ एकत्र करून चांदीत वसूल करण्याची पद्धत १५८१ मध्ये सार्वत्रिक झाली. तिजोरी भरली. आजच्या व्यवस्थापनवादी मंडळींना हा प्रधान फार आवडेल. तथापि त्याच्याही मापाची एक बाजू पाहिली पाहिजे. अधिकाऱ्याची लायकी मुख्यतः साऱ्याच्या वसुलीवर ठरू लागली. ठरलेल्या रकमेच्या नऊ दशांशांहून कमी वसुली करणाऱ्यावर पदावनतीची तलवार लटकू लागली. अर्थात ज्या अधिकाऱ्याने दुष्काळी साल पाहून हात आखडता घेतला, तो नापास झाला. मोजपट्टी पक्की असली तरी ती तिजोरीच्या बाजूने लावली की रयतेच्या पाठीवर वळ उठतातच.

आणि या व्यवहारी माणसाला तरी अखेर कोणत्या शस्त्राने घायाळ केले? १५७७ मध्ये त्याचा बाप वारला. रिवाजाप्रमाणे त्याने पद सोडून सत्तावीस महिने सुतक पाळावयास हवे होते. चौदा वर्षांच्या वानली सम्राटाने त्याला राजधानीतच राहण्याचा हुकूम दिला, आणि त्या हुकुमामागे स्वतः चांगचीच इच्छा आहे, असे सर्वांनी मानले. ज्याला बापाचे दुःख नाही तो राज्याचा प्रधान कसा, असा गदारोळ उठला. आकाशात त्याच वर्षी मोठा धूमकेतू दिसला, तोही चांगच्या विरोधात साक्षीदार झाला. विरोध करणाऱ्या पाच अधिकाऱ्यांना दरबारापुढे फटके मारण्यात आले. त्यांतील काही जन्माचे अधू झाले. त्यांचे धैर्य नाकारता येणार नाही. पण ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी, की प्रधानाने आणलेल्या जमीनमोजणीमुळे ज्या घराण्यांची लपविलेली शेते उघडी पडणार होती, त्यांना या सुतकाच्या वादाने आयते नैतिक व्यासपीठ मिळाले. चांग १५८२ मध्ये वारला. दोन वर्षांच्या आत त्याच्या पदव्या गेल्या, मालमत्ता जप्त झाली, थोरल्या मुलाने आत्महत्या केली, आणि कोंडून ठेवलेल्या घरात कुटुंबातील काही माणसे उपाशी मेली. ज्या वानलीने बालपणी त्याला गुरू मानले होते, त्यानेच हे हुकूम काढले.

हाय रुईला १५८५ मध्ये नानकिंगला परत बोलाविण्यात आले. लाचखाऊंना होंगवूच्या काळातील अघोरी शिक्षा पुन्हा लागू करावी, अशी सूचना त्याने केली. ती ऐकून दरबार हादरला आणि त्याच्यावर पुन्हा दोषारोप झाले. त्या वृद्धाचे दुःख खरे होते, पण त्याचा उपाय संस्थापकाचाच होता आणि तो एकदा फसलेला होता. ज्याने छुन-आनमध्ये नजराण्यांची यादी केली त्याला वेतनाचा प्रश्न दिसला होता, तरी त्याने माणसांच्या शुद्धीवरच भर दिला. १५८७ मध्ये तो वारला तेव्हा अंत्यविधीसाठी सहकाऱ्यांना वर्गणी काढावी लागली. नानकिंगच्या लोकांनी दुकाने बंद ठेवली.

त्यानंतरच्या अर्धशतकात तपासण्यांचे रूपांतर उघड गटबाजीत झाले. १५९३ च्या तपासणीत चाओ नानशिंग आणि त्याचा वरिष्ठ यांनी निःपक्षपातीपणा सिद्ध करण्यासाठी स्वतःच्या आप्तांनाही वगळले नाही. परिणाम एवढाच, की थोड्याच दिवसांत चाओलाच घरी बसावे लागले. सद्वर्तनी म्हणविणाऱ्या तुंगलिन गटाने आपल्या विरोधकांना याच शिक्क्यांनी हाकलले, विरोधकांनी संधी मिळताच त्यांना. १६२५ मध्ये वेइ चुंगश्येन या खोजाने यांग ल्येन आदी तुंगलिन पुढाऱ्यांना तुरुंगात हाल करून मारले. त्यासाठी आरोप कोणता रचला? लाच घेतल्याचा! ज्यांनी लाचखाऊंना काढण्याची मागणी आयुष्यभर केली, त्यांच्या मृत्यूच्या दाखल्यावर तोच शब्द लिहिला गेला.

या काळात उत्तरेकडे दुष्काळ पडत होते. खर्चकपातीसाठी सरकारी टपालचौक्या बंद करण्यात आल्या आणि त्यात नोकरी गेलेल्या निरोप्यांपैकी एकाचे नाव ली त्सचेंग होते. बडतर्फीच्या एवढ्या मोठ्या इतिहासात साम्राज्याला सर्वांत महाग पडलेली बडतर्फी ही. १६४४ मध्ये तो शेतकरी बंडखोरांची फौज घेऊन पेकिंगमध्ये शिरला आणि शेवटच्या मिंग सम्राटाने गळफास घेतला.

पुढील छिंग राजवटीत युंगचेंग सम्राटाने १७२४ पासून एक शहाणपणाचा मार्ग धरला. वरकड वसुली अधिकृत करून, तिचा दर ठरवून, तीतून अधिकाऱ्यांना ‘सचोटी पोसणारी चांदी’ या नावाने भरीव भत्ता देण्यास त्याने आरंभ केला. नीतीच्या प्रश्नाला दिलेले हे आर्थिक उत्तर होते आणि काही काळ ते लागू पडले. लोकसंख्या आणि किमती वाढत गेल्या, भत्ते तेथेच राहिले, आणि त्याच्या मुलाच्या, छिएनलुंगच्या, अखेरच्या काळात हो-शेन या एका मर्जीतल्या मंत्र्याभोवती लुटीचे जाळे उभे राहिले. १७९९ मध्ये छिएनलुंग मरताच नव्या सम्राटाने हो-शेनला आत्महत्या करावयास लावली आणि त्याची संपत्ती जप्त केली. मात्र त्याच्याशी संबंध असलेल्या इतरांची चौकशी वाढवू नये, असेही ठरविले. श्वेतकमळ पंथाचे बंड तेव्हा मध्य चीनमध्ये पेटलेले होते आणि बंडखोर म्हणत होते, की आम्हाला अधिकाऱ्यांनी बंड करावयास भाग पाडले. एका माणसाच्या मरणाने त्या तक्रारीवर पडदा टाकण्यात आला.

साम्राज्य १९१२ मध्ये संपले. हाय रुई मात्र संपला नाही. १९५९ च्या वसंतात माओ त्से-तुंग यांनी त्याच्या निर्भीडपणाचे कौतुक केले आणि कार्यकर्त्यांनी तसे बोलावे असे सुचविले. मिंग इतिहासाचे जाणकार आणि पेकिंगचे उपमहापौर वू हान यांनी त्यावर लेख लिहिला. पुढे त्यांनीच ‘हाय रुईची बडतर्फी’ हे संगीत नाटक लिहिले, ते १९६१ मध्ये रंगभूमीवर आले. मधल्या काळात १९५९ च्या जुलैमध्ये लूशान येथील बैठकीत संरक्षणमंत्री पेंग देहुआय यांनी ‘मोठ्या झेपे’च्या परिणामांविषयी माओंना पत्र दिले होते. पत्रात आकडे होते, खेड्यांची स्थिती होती. त्यावर पक्षाच्या ठरावात जे उत्तर आले त्यात पेंग यांना ढोंगी, महत्त्वाकांक्षी आणि कारस्थानी ठरविण्यात आले. भाताच्या उत्पादनाविषयीच्या प्रश्नाला चारित्र्याविषयीचे उत्तर! पेंग यांचे पद गेले, झेप चालू राहिली आणि त्या दुष्काळात काही कोटी माणसे मेली. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांनी या आकड्याकडे डोळे झाकून पाहण्याची सवय सोडली पाहिजे.

१० नोव्हेंबर १९६५ रोजी शांघायच्या एका दैनिकात याओ वेन्युआन यांनी वू हानच्या नाटकावर हल्ला चढविला. त्यांच्या लेखात एक ऐतिहासिक मुद्दा बरोबर होता. हाय रुई हा शेतकऱ्यांचा प्रतिनिधी नव्हता. त्याला राज्याची करव्यवस्था टिकवावयाची होती आणि कुळांना त्याने कधीच सत्ता देऊ केली नव्हती. हा मुद्दा वादसभेत मांडण्यासारखा होता. तो अटकेची नांदी म्हणून मांडण्यात आला. सम्राटाने हाय रुईला काढले, आपण पेंगना काढले, हेच नाटकाचे मर्म, अशी त्यावरची माओंची टिप्पणी होती. येथे इतिहासाच्या विद्यार्थ्याला एक किरकोळ दुरुस्ती सुचते: माओंनी नाव घेतले त्या च्याचिंग सम्राटाने हाय रुईला तुरुंगात टाकले होते, पदावरून काढले गेले ते त्याच्या मुलाच्या कारकिर्दीत, जमिनीच्या प्रश्नावर. वू हान १९६९ मध्ये कैदेत मरण पावले, पेंग १९७४ मध्ये. १९७८-७९ मध्ये दोघांनाही निर्दोष ठरविण्यात आले, तेही वरूनच.

ही भाषा आजही सुटलेली नाही. २०१२ मध्ये पोलिट ब्यूरोचे सदस्य बो शीलाय यांना पक्षातून काढताना लाचेबरोबर अनेक स्त्रियांशी अनुचित संबंध हाही आरोप अधिकृत निवेदनात होता. २०१४ मध्ये चौ युंगखांग यांच्यावर व्यभिचाराचा उल्लेख झाला. त्यानंतर अशा निवेदनांत खासगी अधःपाताचे एक वाक्य जवळजवळ ठरूनच गेले आहे. २०१२ पासून चाललेल्या या मोहिमेत लक्षावधी लहानमोठ्या अधिकाऱ्यांना शिक्षा झाल्या आणि त्यांतील पुष्कळजण खरोखरच लुटारू होते, याविषयी शंका घेण्याचे कारण नाही.

पण याच मोहिमेच्या पहिल्या वर्षी, १९१३ नव्हे तर २०१३ मध्ये, पेकिंगच्या रस्त्यांवर काही नागरिक फलक घेऊन उभे राहिले. अधिकाऱ्यांनी आपली मालमत्ता जाहीर करावी, एवढीच त्यांची मागणी होती. या नव-नागरिक चळवळीचे एक प्रवर्तक, कायद्याचे अभ्यासक श्यू चियुंग यांना जानेवारी २०१४ मध्ये सार्वजनिक सुव्यवस्था बिघडविण्यासाठी जमाव गोळा केल्याच्या आरोपावरून चार वर्षांची शिक्षा झाली. सुटून आल्यावर त्यांना पुन्हा धरण्यात आले. एप्रिल २०२३ मध्ये राज्यसत्ता उलथविण्याच्या आरोपाखाली त्यांना चौदा वर्षांची आणि त्यांचे सहकारी वकील तिंग च्याशी यांना बारा वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली.